सीआरपी, इक्विप की सीएसपी? अमेरिकेतील ग्रामीण कौंटीत जमीन असणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

अमेरिकेतील ग्रामीण कौंटीत ज्यांनी शेतजमीन विकत घेतली आहे किंवा जे ती खंडाने कसतात, त्यांना माती-पाण्याच्या संधारणासाठी केंद्र सरकारकडून पैसा मिळवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत: कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम म्हणजे सीआरपी, एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्हज प्रोग्राम म्हणजे इक्विप, आणि कॉन्झर्वेशन स्टुअर्डशिप प्रोग्राम म्हणजे सीएसपी. तिन्ही योजना अमेरिकी कृषी खात्याच्याच आहेत. मात्र पहिली फार्म सर्व्हिस एजन्सी चालवते, तर उरलेल्या दोन नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिसकडे आहेत. कोणत्या योजनेत जास्त डॉलर मिळतात, या प्रश्नापासून विचार सुरू केला तर निर्णय चुकण्याची शक्यता असते. जमीन पिकाखालून काढायची आहे की पिकवता पिकवताच सुधारायची आहे, हे आधी ठरले पाहिजे.

1985 च्या शेती कायद्यातून आलेली सीआरपी ही जमीन पिकाखालून काढण्याची योजना आहे. धूप होणारी किंवा ओढ्याकाठची जमीन 10 ते 15 वर्षे गवत, झाडे किंवा अन्य कायमस्वरूपी आच्छादनाखाली ठेवायची आणि त्याबदल्यात सरकारकडून दरवर्षी खंड घ्यायचा, असा हा करार असतो. आच्छादन उभे करण्याच्या खर्चापैकी साधारण निम्म्यापर्यंतचा वाटाही मिळतो. मात्र 2018 च्या कायद्याने सर्वसाधारण नोंदणीतील (ठरावीक मुदतीत अर्ज मागवून स्पर्धेने होणाऱ्या) खंड कौंटीच्या सरासरी दराच्या 85 टक्क्यांवर रोखला आहे, त्यामुळे चांगल्या काळ्या जमिनीसाठी हा व्यवहार बहुतेकदा परवडत नाही. त्याच कायद्यानुसार, पीकजमीन म्हणून नोंदवायची जमीन 2012 ते 2017 या सहा वर्षांपैकी किमान चार वर्षे पिकाखाली असावी लागते, आणि मालकी सहसा किमान वर्षभराची असावी लागते. नव्याने जमीन घेणाऱ्याने म्हणूनच आधीच्या मालकाची पीक-नोंद खरेदीपूर्वीच तपासावी. करार मध्येच मोडल्यास तोवर घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते आणि वर दंडही बसतो. पाच-सात वर्षांत जमीन विकण्याचा विचार असेल, तर हे कलम दोनदा वाचावे.

इक्विपमध्ये जमीन पिकाखालीच राहते. कुंपण, जनावरांसाठी पाण्याची सोय, ठिबक, आच्छादन पिके (माती झाकून ठेवण्यासाठी मुख्य पिकांच्या मधल्या काळात घेतलेली पिके), शेणखत साठवण किंवा प्लास्टिकने झाकलेले, पॉलीहाऊससारखे उंच बोगदे अशा ठरावीक कामांसाठी 75 टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो, आणि शेतीत उतरून दहा वर्षे पूर्ण न झालेल्या नवशेतकऱ्यांना हा वाटा 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे टक्के तुमच्या बिलावर मोजले जात नाहीत. प्रत्येक राज्याचे दरपत्रक असते आणि पैसे त्यानुसार मिळतात. म्हणून कंत्राटदार महाग पडला, तर वरचा भार शेतकऱ्यावरच येतो. रक्कमही काम खात्याच्या मानकाप्रमाणे पूर्ण झाल्यावर हाती पडते. नवशेतकऱ्याला किमान निम्मी रक्कम आगाऊ मागता येते, पण ती 90 दिवसांत खर्च करावी लागते. खेळते भांडवल तोकडे असलेल्या कुटुंबासाठी माझ्या मते ही तरतूद टक्केवारीपेक्षाही मोलाची आहे. महाडीबीटीवर ठिबकसाठी अर्ज केलेल्यांना पूर्वसंमतीचा नियम ठाऊक असेलच. येथेही करारावर सह्या होण्यापूर्वी सुरू केलेल्या कामाला सामान्यतः एक डॉलरही मिळत नाही, आणि अर्ज निवडला जाईपर्यंत एखादा हंगाम सहज निघून जातो.

सीएसपीचा स्वभाव वेगळा आहे. जो आधीपासूनच नीट शेती करतो, त्याने त्यापुढे आणखी काही करावे, यासाठी पाच वर्षांचा करार होतो आणि दरवर्षी मोबदला मिळतो. किमान वार्षिक रक्कम 2024 मध्ये 1,500 वरून 4,000 डॉलर करण्यात आली, त्यामुळे लहान क्षेत्रालाही ती विचारात घेण्याजोगी झाली. परंतु आपल्या ताब्यातील संपूर्ण शेती त्यात आणावी लागते आणि पाचही वर्षे त्या जमिनीवर आपला ताबा राहील हे दाखवावे लागते. दर वर्षी खंडाचा करार नव्याने करणाऱ्याला ही अट जड जाते. पहिल्याच वर्षी सीएसपीच्या मागे लागू नये, असे मला वाटते.

तिन्हींना समान अशा काही अटी आहेत. तीन वर्षांचे सरासरी समायोजित उत्पन्न (कर विवरणपत्रात ठरावीक वजावटींनंतर उरणारे) सामान्यतः 9 लाख डॉलरांच्या आत असावे, आणि धूपप्रवण जमीन व पाणथळ जागा यांचे नियम पाळण्याची हमी द्यावी. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या, म्हणजे नागरिक नसलेल्या आणि ग्रीन कार्डही नसलेल्या मालकांसाठी 1978 च्या कायद्याने आणखी एक कर्तव्य घातले आहे: शेतजमीन घेतल्यापासून 90 दिवसांत तिची नोंद कृषी खात्याकडे करणे. त्यातून अगदी लहान क्षेत्रांनाच सूट आहे. दंड जमिनीच्या बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि दुर्लक्ष होते ते नेमके याच बाबीकडे.

समजा 80 एकर जमीन आहे, त्यातील 15 एकर ओढ्याकाठी दर पावसात बुडते आणि उरलेल्या भागात मका-सोयाबीनची फेरपालट चालते. अशा वेळी सगळी जमीन एकाच योजनेत घालण्याचे कारण नाही. बुडणारा पट्टा सीआरपीच्या सतत खुल्या नोंदणीत गवताखाली आणावा, वरच्या भागासाठी इक्विपमधून आच्छादन पिकांचा अर्ज करावा, आणि ती पद्धत रुळल्यावर सीएसपीचा विचार करावा. फक्त एकाच जागेवरील एकाच कामासाठी दोन योजनांतून पैसे घेता येत नाहीत. जमीन स्वतः कसायची नसेल आणि उतार जास्त असेल, तर मात्र मोठा भाग सीआरपीत घालणे योग्य ठरते. इक्विपमध्ये निवडीसाठी अर्जांची क्रमवारी लावण्याच्या तारखा राज्याराज्यांत वेगळ्या असू शकतात, म्हणून फार्म सर्व्हिस एजन्सीकडून शेतक्रमांक आणि पात्रतेची कागदपत्रे ही कामे हिवाळ्याआधीच उरकावीत.