सबसॉयलरचे पैसे घेतले आणि रोटर फिरवून गेला

भोर तालुक्यात आमचा दहा गुंठ्यांचा प्लॉट आहे. घर बांधून झालं आणि पुढच्या तीन गुंठ्यांत लॉन करायचं ठरलं. बांधकाम झालेल्या जागेची जमीन कशी असते ते घर बांधलेल्यांना सांगायला नको. वर्षभर तिच्यावरून डंपर, जेसीबी, काँक्रीटचा मिक्सर गेलेला, विटांचे थर रचलेले. वर काळी माती, खाली मुरूम, आणि दोन्ही दाबून एकजीव झालेलं. पहार मारली तर हातालाच झिणझिण्या यायच्या.

लॉनवाला ठेकेदार शहरातून आला. बोलायला गोड, आणि सांगत होता ती माहितीही बरोबर होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण फसवणाऱ्याला कामातलं काही कळत नसतं असा आपला समज असतो. म्हणाला, "ताई, ही जमीन नुसत्या रोटरनं व्हायची नाही. आधी सबसॉयलर, दीड फूट खोल, उभा-आडवा. मग पलटी नांगर, कल्टिव्हेटर, आणि शेवटी रोटर." सबसॉयलर म्हणजे जमिनीत खोल जाऊन खालचा घट्ट थर फोडणारा लांब फाळ, पलटी नांगर माती उलटवतो, कल्टिव्हेटर ढेकळं फोडतो, आणि रोटर म्हणजे फिरत्या पात्यांनी वरची माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर. दरही तसाच लावला. सबसॉयलर ओढायला पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो, डिझेल जास्त जातं, म्हणून तासाचे पैसे जास्त. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटं होतं ते पुढचं काम.

जाताना म्हणाला, "आदल्या दिवशी पाणी मारून ठेवा, माती मऊ राहील." तुम्हाला कुणी असं सांगितलं तर तिथेच सावध व्हा. सबसॉयलर कोरड्या जमिनीत चालवतात. जमीन कोरडी असली की खालचा घट्ट थर तडकतो आणि भेगा आजूबाजूला पसरतात. ओल्या मातीत फाळ नुसती चीर पाडून पुढे जातो, चिरेच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पाणी मारलेली जमीन सोयीची असते ती रोटरला. म्हणजे बेत तेव्हाच ठरलेला होता.

कामाच्या दिवशी सबसॉयलर आला, हे खरं. फाटकाजवळ, मी उभी होते तिथे, ट्रॅक्टरने दोन ओळी मारल्या. ट्रॅक्टर झपाझप चालत होता, इंजिनाचा आवाज जरासुद्धा पडला नाही. दीड फुटावर फाळ असेल तर चाकं घसरायला लागतात, धूर काळा होतो, ट्रॅक्टर अक्षरशः कण्हतो. हे मला नंतर गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. मी नवऱ्याला पाठवायला अवजाराचा फोटो काढला होता, तो आता उपयोगी पडतोय. फाळ जमिनीत जेवढा जातो तेवढा घासून चकचकीत होतो. या फाळाच्या टोकाला चार बोटं चकाकी आहे आणि वरचा सगळा दांडा गंजलेला, गंजावर धूळ जशीच्या तशी.

मजुरांचं जेवण झाल्यावर सबसॉयलर ट्रॉलीत चढला आणि रोटर लागला. पलटी नांगर आलाच नव्हता. रोटरची पाती चार-पाच इंचांच्या खाली जात नाहीत, पण वरची माती अशी भुसभुशीत करतात की बघणारा खूश. "बघा ताई, रान कसं रव्यासारखं झालंय!" लगेच त्यावर लाल मातीच्या ट्रॉल्या आल्या, भरलेल्या ट्रॉल्या त्याच मोकळ्या मातीवरून पुन्हा पुन्हा फिरल्या, पाटा मारला, संध्याकाळपर्यंत सगळं सपाट. खाली काय आहे हे बघायची सोयच उरली नाही. घाई होती ती त्यासाठी.

बिलात सबसॉयलरचे सहा तास. चालला तो रोटर, आणि रोटर एकरभर रानाला दीड-दोन तासांत होतो. तीन गुंठे म्हणजे एकराचा तेरावा हिस्सा! लाल मातीतही हात मारलाच. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणायची आणि शंभराने भागायचं. आमच्याकडे आलेली ट्रॉली पाऊण ब्रासही भरत नव्हती, बिलात प्रत्येक खेप पूर्ण ब्रास. वर त्या मातीतून लव्हाळा, म्हणजे चिवट तण, आला तो फुकट.

पावसाळ्यात पाणी साचून राहिलं, लॉन पिवळं पडलं. एका कोपऱ्यातून गवत धरून ओढलं तर सतरंजीसारखं उचलून आलं, मुळं खाली न जाता आडवी पसरलेली. तिथे टिकावाने खणलं. लाल माती, मग थोडी भुसभुशीत काळी, आणि मग टण्ण. मिक्सर धुतलेल्या सिमेंटचा पापुद्रा होता, हातभर रुंद, अखंड. दीड फूट खोल फाळ उभा-आडवा गेला असता तर त्याचे तुकडे झाले असते. ठेकेदाराला फोटो पाठवला. उत्तर आलं, "पावसाने माती बसते ताई, दोन गोणी खत टाका." मग फोन उचलणं बंद.

तुमचं काम अजून व्हायचं असेल तर लाल माती पडायच्या आधी दहा एमएमची सळई घेऊन जागोजागी दाबून बघा. हाताच्या जोराने फूटभर गेली तर ठीक. चार इंचांवर अडली तर एक पैसाही सोडू नका. ठरवताना तासांवर नको, खोलीवर ठरवा, आणि व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: कोणतं अवजार, किती इंच, किती फुटांवर ओळ. नळाची लाइन, ड्रेनेज, विजेची केबल कुठून गेलीय ते चुन्याने आखून द्या. नाहीतर "पाइप होता म्हणून वर घेतला" हे उत्तर तयारच असतं.

माझं बिल कच्चं आहे, त्यावर किती खोल ते कुठेच लिहिलेलं नाही. पण दर आणि दीड फुटाचं बोलणं मेसेजमध्ये आहे, पैसे ऑनलाइन गेलेत. ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तिथेही जाणार आहे. सबसॉयलर आता एप्रिलमध्ये. गावातला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ताई, रान तापू द्या, मग बोलवा." त्याने ॲडव्हान्सही घेतला नाही.