पहिला रंधा कोणता घ्यावा: लाकडी, बिडाचा की जपानी?

हातहत्यारांनी लाकूडकाम करू पाहणाऱ्या माणसाला करवत, पटाशी किंवा गुण्या निवडताना फारसा विचार करावा लागत नाही. खरा घोळ होतो तो रंध्यापाशी. आपल्याकडच्या सुतारांच्या पिशवीत पिढ्यान्‌पिढ्या असलेला लाकडी रंधा, हार्डवेअरच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा रंधा आणि गेल्या काही वर्षांत व्हिडिओंमुळे पुष्कळांच्या मनात भरलेला जपानी कान्ना, अशा तीन वाटा समोर असतात. हा आढावा धंदेवाईक सुतारासाठी नाही, कारण त्याच्या हातात आता बहुधा विजेचा रंधा असतो आणि प्लायवूडला तर रंध्याची गरजच पडत नाही. घरातल्या एखाद्या कोपऱ्यात सागवानाचा पाट, चौरंग, झाकणाची पेटी किंवा पुस्तकांचे छोटे कपाट हाताने करावे असे ज्याला वाटते, त्याने पहिले पैसे कोणत्या रंध्यावर घालावेत, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. माझे मत आधीच सांगतो. तिन्ही रंधे नीट लावले तर लाकूड जवळजवळ सारखेच गुळगुळीत करतात, त्यामुळे निवड पृष्ठभागाच्या चकाकीवरून करू नये. आपण उभे राहून काम करणार की बसून, आपल्या गावची हवा कशी आहे आणि बिघडलेला रंधा स्वतः दुरुस्त करायला आपण किती राजी आहोत, यांवरून ती करावी.

आपल्याकडचा लाकडी रंधा म्हणजे शिसवी, बाभूळ किंवा तशाच कठीण लाकडाचा ठोकळा, त्यात तिरके बसवलेले पोलादी पाते आणि पाते जागच्या जागी धरणारी पाचर. यात स्क्रू नाही, चाक नाही, मोडण्यासारखे फारसे काही नाही. पाते खाली आणायचे तर त्याच्या डोक्यावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा, वर घ्यायचे तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोकायचे आणि दरवेळी पाचर पुन्हा बसवून घ्यायची, एवढीच त्याची यंत्रणा. पहिल्या आठवड्यात ही ठोकाठोकी अंदाजपंचे वाटते. हात बसला की बोटाने चाक फिरवण्यापेक्षा तिला जास्त वेळ लागत नाही. लाकडावर लाकूड सहज सरकते, म्हणून हा रंधा दिवसभर मारला तरी खांदा भरून येत नाही, आणि त्याची किंमतही काही शे रुपयांतच राहते. उणिवा मात्र खऱ्या आहेत. दुकानात टांगलेल्या नव्या रंध्यांचे लाकूड पुष्कळदा नीट मुरलेले नसते, पात्याचे पोलाद कधी मऊ निघते आणि तळ घासून घासून झिजला की पात्यासमोरची फट रुंद होत जाते. फट रुंद झाली की पात्यापुढचे तंतू दाबून धरणारे काही उरत नाही आणि उलट्या रेषेवर, म्हणजे तंतूंच्या विरुद्ध दिशेने रंधा मारताना, लाकूड उपटून येते. त्यावर तळाला फटीपाशी कठीण लाकडाचा तुकडा खाचून बसवणे हा जुना आणि रास्त उपाय आहे. तो ज्याला जमतो त्याने पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात वापरलेला रंधा शोधावा. जुनी पाती जाड असतात आणि जाड पाते थरथरत नाही.

बिडाच्या रंध्याचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. लेनर्ड बेली याने पाते खालीवर करण्यासाठी मागे पितळी चाक, पाते डावी-उजवीकडे सरळ करण्याची सोय आणि पाचरीऐवजी तरफेने घट्ट होणारी टोपी अशी जी मांडणी हळूहळू पक्की होत गेली, तिचा पाया घातला. त्याचे पेटंट हक्क 1869 मध्ये स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने घेतले आणि पुढे क्रमांकांनी ओळखली जाणारी मालिका जगभर पसरली. चार नंबर साधारण 24 सेंटिमीटर लांब, पाच नंबर साधारण 35 सेंटिमीटर, सात नंबर साधारण 56 सेंटिमीटर. पाते बहुतेकांत 45 अंशांवर. आपल्याकडे मिळणारे स्वस्त बिडाचे रंधे याच मांडणीच्या नकला आहेत, आणि अमेरिकेतील ली-नील्सन किंवा कॅनडातील व्हेरिटास यांचे महागडे रंधेही मूळच्या याच कल्पनेवर उभे आहेत. फरक आहे तो घडणीच्या काटेकोरपणात, जाड पात्यांत आणि महागड्या रंध्यांत वापरलेल्या, सहसा न तडकणाऱ्या धातूत. साधे बीड ठिसूळ असते. फरशीवर पडलेला स्वस्त रंधा तोंडापाशी, म्हणजे पात्याच्या फटीपाशी तडकला तर तो भंगारातच जातो.

या रंध्याची खरी जमेची बाजू म्हणजे नवशिक्याला त्यात काय चुकते आहे ते कळते. पाते एका कडेने जास्त कापते आहे, तर पाते डावी-उजवीकडे सरळ करणारी तरफ त्या कडेला किंचित ढकलावी. पापुद्रा जाड येतो, तर चाक मागे फिरवावे आणि मग थोडे पुढे आणून थांबावे, कारण चाकाच्या आट्यांत ढिलाई असते आणि शेवटची हालचाल पुढच्या दिशेने केली नाही तर पाते काम करताना आपोआप मागे सरकते. तथापि स्वस्त बिडाचा रंधा खोक्यातून काढून थेट लाकडावर चालवता येईल अशी आशा धरू नये. तळ सपाट आहे की नाही हे पोलादी पट्टी उभी धरून पाहावे लागते, जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून त्यावर तो घासावा लागतो, पात्याची पाठ सपाट करावी लागते, आणि पात्यावर बसणारी दाबपट्टी कडेला पूर्ण टेकते की नाही हे तपासून कानशीने ठीक करावे लागते. एवढ्यात एखादा रविवार सहज जातो. महागड्या रंध्यात तोच रविवार आपण विकत घेतलेला असतो; आयात शुल्क धरून तो स्वस्ताच्या कैकपट महाग पडतो, आणि माझ्या मते पहिल्या खरेदीत तो घेऊ नये, कारण तळ घासताना रंध्याबद्दल जे कळते ते पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

कान्नाबद्दल आपल्याकडे भक्तिभाव जास्त आणि माहिती कमी आहे. ठोकळा बहुधा जपानी पांढऱ्या ओकचा असतो. रंधा ढकलायचा नसून स्वतःकडे ओढायचा असतो. पाते मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर तापवून-ठोकून जोडलेले, बिडाच्या रंध्यातल्या सुमारे दोन मिलिमीटरच्या पात्याच्या तिपटी-चौपटीने जाड आणि स्वतःच पाचरीसारखे निमुळते असते. ठोकळ्यातल्या दोन खाचांत ते रुतून बसते, वेगळी पाचर लागत नाही. चांगल्या पात्यांना जपानमधल्या यासुगी येथील पोलाद वापरतात, ज्याच्या प्रती गुंडाळीच्या कागदाच्या रंगावरून पांढरा आणि निळा अशा ओळखल्या जातात. पात्याची पाठ मधोमध खोलगट असते, म्हणून ती सपाट करायला कमी घासावे लागते; पण धार लावत लावत कडेचा सपाट पट्टा संपला की मऊ लोखंडाच्या बाजूने हलके ठोके देऊन पोलाद पुढे आणावे लागते, आणि एक ठोका पोलादाच्या थराजवळ पडला तर पात्याला चीर जाते. तळही सरसकट सपाट नसतो. तो पुढच्या टोकाला आणि पात्याच्या अगदी पुढे टेकतो, मधला भाग केसभर खरवडून खाली नेलेला असतो. म्हणजे कान्ना विकत घेणे ही अर्धीच खरेदी असते. उरलेला रंधा घेणाऱ्याने स्वतः घडवायचा असतो. जपानमध्ये केझुरोकाई नावाच्या मेळाव्यांत पापुद्र्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि ते दृश्य खरोखर देखणे असते. चौरंगाला मात्र पापुद्रा लागत नाही, मागे उरलेली फळी लागते.

आता आपल्या लाकडाकडे वळू, कारण निवड इथे पुष्कळशी ठरते. तयार मिळणाऱ्या पुष्कळ कान्नांत पाते 40 अंशांच्या आसपास बसवलेले असते, कारण त्यांच्यापुढे हिनोकी आणि सुगी ही मऊ, सरळ रेषेची लाकडे असतात. सागवान त्या मानाने कठीण, आणि त्यात सिलिका असल्याने धार लवकर मारणारे. शिसवीची रेषा तर हातभर फळीत दोनदा दिशा बदलते. अशा लाकडावर कमी कोनाचे पाते तंतू कापण्याआधी उचकटते. यावर दोन उपाय आहेत: पाते जास्त उभे बसवणे, किंवा दाबपट्टी धारेच्या अगदी जवळ आणणे. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातील कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी कापण्याची क्रिया अतिशय जवळून चित्रित करून दाखवले की दाबपट्टी धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशावर आणली आणि तिची पुढची कड पुरेशी उभी असली, तर पापुद्रा उठता उठताच मोडला जातो आणि खालचे तंतू उपटले जात नाहीत. बिडाच्या रंध्यात ही जुळवणी एका स्क्रूने होते. कान्नातही दाबपट्टी असते, पण ती ठोकून जुळवावी लागते. आपल्या पुष्कळ साध्या लाकडी रंध्यांत ती नसतेच, त्यामुळे तिथे भिस्त अरुंद फटीवर आणि ताज्या धारेवर राहते. वेड्यावाकड्या रेषेच्या शिसवीसाठी मी निःसंशय बिडाचा रंधा घेईन. सरळ रेषेच्या सागवानासाठी किंवा फणसासाठी लाकडी रंधाही पुरतो.

हवेचा विचार बहुतेक परदेशी मार्गदर्शनात आपल्या कामाचा नसतो. रत्नागिरीत किंवा पणजीत जून ते सप्टेंबर बिडाचा रंधा तेल न लावता ठेवला तर आठवड्याभरात तळावर तांबूस डाग दिसतात. शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवून कापडात गुंडाळणे एवढा उपाय त्याला पुरतो. लाकडी ठोकळा त्याच दिवसांत फुगतो, पाचर आवळते आणि तळ किंचित वाकतो, म्हणून पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर तळ पुन्हा सरळ करावा लागतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उलटे होते, आणि तिथे सर्वांत नाजूक अवस्था कान्नाची असते: ओकचा ठोकळा रुंदीत आकसतो, पाते मात्र आकसत नाही, आणि पाते आत घट्ट ठोकून ठेवलेले असेल तर ठोकळा तोंडापाशी फुटू शकतो. काम झाले की पाते सैल करून ठेवण्याची सवय ज्याला लागणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

आणि शेवटी बैठक. बिडाचा रंधा उभ्याने, कंबरेइतक्या उंचीच्या भक्कम टेबलावर, अंगाचा भार पुढे टाकून मारायचा असतो. पाच नंबरचे वजन दोन किलोंच्या वर जाते आणि ते वजनच त्याला लाकडातून पुढे नेते. टेबल हलत असेल तर हा सगळा फायदा वाया जातो. आपला सुतार मात्र परंपरेने जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून काम करत आला आहे, आणि त्याचा हलका रंधा त्या बैठकीला बेतलेला आहे. फ्लॅटमध्ये, गॅलरीत, टेबलाला जागा नसताना हीच बैठक सोयीची पडते. कान्नाला तिरकी टेकवलेली तुळई किंवा लांब फळी लागते आणि मागे सरकत जायला जागा लागते, जी दोन खोल्यांच्या घरात सापडणे कठीण.

धार लावण्याचा खर्च तिघांनाही आहे, आणि तो रंध्याच्या किमतीत धरूनच हिशेब करावा. हजार आणि सहा हजार दाण्याचे दोन पाण्याचे दगड, किंवा सुरुवातीला काच आणि वॉटर पेपर, आणि शेवटी चामड्याची पट्टी एवढे पुरते. कान्नाच्या कठीण पोलादाची धार टिकते जास्त, पण लावायला धीर लागतो. दोन दगड घेण्याइतके पैसे उरत नसतील तर रंधा स्वस्तातला घ्यावा, दगड नव्हे.

तेव्हा ज्याच्याकडे न हलणारे टेबल आहे, त्याने बिडाचा पाच नंबर घ्यावा. चार नंबर सर्वत्र सुचवला जातो, पण तो आखूड असल्याने फळीच्या खड्ड्यांतून वरखाली होत जातो आणि चौरंगाच्या दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या झाल्या की अपुरा पडतो. पाच नंबर खडबडीत फळी सपाट करतो, मध्यम लांबीची कड सरळ करतो आणि दाबपट्टी जवळ आणली की शेवटचा हातही फिरवतो. ज्याला जमिनीवर बसून पाट, पोळपाट, छोट्या पेट्या एवढेच करायचे आहे, त्याने लाकडी रंधा घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या पात्यावर घालावेत. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाचे गणित वेगळे आहे, कारण जुने स्टॅन्ली किंवा शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे रंधे तिथे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात अजून मिळतात आणि ते आपल्याकडच्या नव्या स्वस्त नगांपेक्षा सरस असतात. कान्ना दुसरा किंवा तिसरा रंधा म्हणून घ्यावा, आणि तोही धार लावण्यात गोडी वाटू लागली असेल तरच.

दुकानात बिडाचा रंधा पाहताना पाते आणि दाबपट्टी बाहेर काढून मागावी. दोन्ही एकमेकींवर आवळून उजेडासमोर धरावीत. कडेपाशी उजेडाची बारीक रेघ दिसली तर ती कानशीने जाईल, पण पाते उताणे ठेवल्यावर डगमगत असेल किंवा तळाची फट तिरकी कापलेली असेल, तर दुकानदाराकडे दुसरा नग मागावा.