कॅम्प होस्ट व्हायचंय: डोंगरातलं पगारी काम की धरणावरचं व्हॉलंटियर?

अमेरिकेत आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन उन्हाळाभर एका जागी राहायचं, साइट म्हणजे गाडी लावायची जागा फुकट, आणि त्याबदल्यात कॅम्पग्राउंड सांभाळायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. खरा प्रश्न कोणाकडे करायचं हा आहे. आम्ही नवराबायकोने दोन्ही करून पाहिलंय, नॅशनल फॉरेस्टमध्ये कंत्राटदार कंपनीकडे पगारावर आणि नंतर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (अमेरिकी लष्कराचा धरणं सांभाळणारा इंजिनिअरिंग विभाग) एका धरणावर व्हॉलंटियर म्हणून.

ऐकायला पहिलं जास्त चांगलं वाटतं. थंड हवा, पाइनची झाडं, वर तासावर पगार. फॉरेस्ट सर्व्हिस आपली बरीच कॅम्पग्राउंड्स 1950 च्या ग्रँजर-थाय कायद्याखाली कंपन्यांना चालवायला देते, त्यामुळे तुमचा साहेब सरकारी रेंजर नसून कंपनीचा एरिया मॅनेजर असतो. पगार बहुतेक त्या राज्याच्या मिनिमम वेजच्या आसपास. होस्ट साइटवर बऱ्याचदा वीज नसते, सोलरवर भागवायचं, कारण रात्री 10 ते सकाळी 6 जनरेटर बंद. संडास साफ करणं, फायर रिंगमधली (शेकोटीच्या कड्यातली) राख काढणं, हे सगळं अंगवळणी पडतं, त्याचं काही वाटत नाही.

मला जे शेवटपर्यंत जमलं नाही ते म्हणजे पैशांची पाकिटं. आधी बुक होणाऱ्या साइटचे पैसे ऑनलाइन भरले जातात, पण फर्स्ट-कम, म्हणजे आधी येईल त्याला मिळणाऱ्या साइटचे पैसे अजून बऱ्याच ठिकाणी आयर्न रेंजरमध्ये पडतात, म्हणजे गेटजवळच्या त्या लोखंडी खांबात. लोकांनी पाकिटावर साइट नंबर, तारीख, गाडीचा नंबर लिहायचा, चिठ्ठी फाडून साइटच्या खुंटीला लावायची आणि पाकीट आत टाकायचं. संध्याकाळी मी ती काढून टेबलवर मांडायचो. पावसात नोटा एकमेकींना चिकटलेल्या, नंबर पुसलेला, एखाद्यात 20 ची नोट आणि वर लिहिलेलं की सुटे उद्या द्या, एखाद्या साइटवर तंबू आहे पण पाकीटच नाही. मग टॉर्च घेऊन त्यांच्या शेकोटीपाशी जायचं. माणसं गप्पा मारत बसलेली असतात, तुम्हाला बघितलं की गप्प होतात, एकजण खिसे चाचपायला लागतो. आणि हिशोब जुळला तरी ती रोकड रात्रभर आपल्याच आरव्हीत, बाहेर काही वाजलं की जाग यायची. मला माणसांत मिसळायला आवडतं, म्हणून तर हे काम घेतलं, आणि तिथे प्रत्येक ओळख पैसे मागण्यापासून सुरू व्हायची.

कोअरच्या धरणावर गेटवर वेगळे अटेंडंट होते, कॉन्ट्रॅक्टवरचे. पैसे, पावत्या, बुकिंगची भांडणं सगळं त्यांच्याकडे. मी फक्त फेरी मारायचो, रिकाम्या साइट बघायचो, आग नीट विझली का बघायचो (पाणी ओतायचं, ढवळायचं, हात जवळ नेऊन गरम लागतंय का बघायचं, परत पाणी). नियम सांगायचे, दंड वगैरे करायचा अधिकार होस्टला नसतोच, ते रेंजर बघतात. पूर्ण हुकअप, म्हणजे वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी होती, एसी चालायचा. पगार शून्य. पण फेडरल व्हॉलंटियर असल्याने कामात दुखापत झाली तर सरकारी भरपाईचं संरक्षण असतं, आणि 250 तास भरले की अमेरिका द ब्युटिफुल पास (नॅशनल पार्कसारख्या सरकारी जागांचा प्रवेश पास) मिळतो, एक वर्ष चालतो.

उणीव आहेच. उकाडा भयंकर, वीकेंडला बोटींचा आवाज, गर्दी, डोंगराची सर नाही. ज्यांना महिन्याला हातात पैसे हवेतच त्यांना पगारी काम घ्या असंच मी सांगेन, आणि सगळ्याच कंपन्यांकडे रोख असते असंही नाही, काही ठिकाणी आता फक्त कार्ड चालतं. तसंच प्रत्येक धरणावर अटेंडंट असतील असंही धरून चालू नका. पण खर्चाचं भागत असेल तर मी धरणाकडेच जाईन.

कुठेही अर्ज करा, फोनवर बोलताना आधी विचारून घ्या की पैसे कोण गोळा करतं आणि रात्री ते कुठे ठेवतात, पगाराचं नंतर विचारलं तरी चालेल. व्हॉलंटियरच्या जागा व्हॉलंटियर डॉट गव्ह वर दिसतात, हिवाळ्यातच बघायला लागा, चांगल्या जागा उन्हाळ्यापर्यंत थांबत नाहीत.