चरबीची गाठ: ठेवावी, शोषून घ्यावी की कापून काढावी?

डॉक्टरांनी दाबून पाहिली, सोनोग्राफी झाली आणि ‘लायपोमा आहे, म्हणजे चरबीची साधी गाठ, काळजीचं काही नाही’ असं सांगून घरी पाठवलं, की खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. काळजीचं नाही हे ठीक, पण आता तिचं करायचं काय? मी या निर्णयातून गेलो आहे, त्यामुळे माझा कल वाचताना लक्षात येईलच. तो तुमचाही असावा असा आग्रह मात्र नाही.

पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणं. बहुतेकांसाठी हाच योग्य आहे, असं मला अजूनही वाटतं. साधारण शंभरातल्या एकाच्या अंगावर अशी गाठ असते, बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान लक्षात येते, आणि कित्येक वर्षं जिथल्या तिथे बसून राहते. लायपोसार्कोमा नावाचा कर्करोग असतो, पण तो बहुधा सुरुवातीपासूनच वेगळा असतो. साध्या लायपोमाचं पुढे तसं काही होत नाही, असंच मानलं जातं. मांडीवर किंवा दंडावर गाठ आहे, दुखत नाही, बोटाखाली सरकते, तर राहू द्यावी. वजन कमी केलं की ती विरघळेल, ही आशा मात्र ठेवू नये. माझं पोट बऱ्यापैकी उतरलं, तेव्हा गाठ तेवढीच राहिली आणि उलट जास्त उठून दिसायला लागली.

मीही ती ठेवलीच असती. पण ती कमरेवर उजव्या बाजूला, नेमका पट्टा बसतो तिथे होती. साडेतीन-चार सेंटीमीटरची असेल. रोज मोटरसायकलवरून सांगलीतल्या विश्रामबागहून मिरजेला जायचं; बसलं की पट्टा तिच्या वर चढायचा, उतरलं की खाली घसरायचा. उन्हाळ्यात घामाने तिथली कातडी सोलवटायची. पट्टा एक भोक सैल केला तर पँट घसरते, घट्ट केला तर संध्याकाळपर्यंत तिथे ठणका लागतो. शर्ट बाहेर काढून पाहिला, इलॅस्टिकच्या पँटी घालून पाहिल्या. गाठ दुखत नव्हती, तिच्यावर घासणारी वस्तू दुखवत होती. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग काढून टाका की.’ माझ्या बाबतीत तराजू इथे झुकला. सोनोग्राफीतला आकार किंवा दिसण्याचा प्रश्न यांचा त्यात फारसा वाटा नव्हता.

आमच्याकडे अशा गाठीवर हळदीचा लेप सांगणारे घरोघरी भेटतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मला अभिमानच आहे, पण लेप कातडीच्या वर राहतो आणि गाठ खाली असते. लेपाने निदान नुकसान होत नाही. बिब्बा लावायला किंवा डाग द्यायला कोणी सांगितलं तर मात्र हात जोडून नाही म्हणा. कातडी भाजते, जखम चिघळते, आणि गाठ आहे तिथेच राहते.

इंजेक्शन देऊन गाठ लहान करण्याचा मार्गही आहे. स्टेरॉइडने ती आक्रसू शकते, पण सहसा पूर्ण जात नाही, आणि वरची कातडी खोलगट किंवा फिकट होऊ शकते. मी त्याचा फार विचार केला नाही.

खरी तुलना उरते ती लायपोसक्शन आणि शस्त्रक्रिया यांची. लायपोसक्शनचं आकर्षण समजण्यासारखं आहे: बारीक छिद्रातून नळी घालून चरबी शोषून घेतात, मोठा व्रण राहत नाही. गाठ बरीच मोठी असेल आणि लांब व्रण नको असेल, तर त्याला नक्कीच अर्थ आहे. पण गाठीभोवती पातळ आवरण असतं. ते आणि चरबीचे काही अंश आत राहण्याची शक्यता असते, म्हणून गाठ पुन्हा येण्याचा धोका जास्त. शिवाय तपासणीला जातात ते तुकडे. पट्ट्याखाली तीच गोष्ट परत उगवण्याची कल्पनाच मला नकोशी होती.

शस्त्रक्रियेत आवरणासकट अख्खी गाठ बाहेर येते. नीट निघाली तर पुन्हा येण्याचं प्रमाण फार कमी, आणि सबंध नमुना पॅथॉलॉजीला पाठवता येतो. जागेवरच भूल देतात. सुई टोचताना क्षणभर आग होते, नंतर फक्त ओढल्यासारखं जाणवतं. सर्जनने गाठीपेक्षा बराच लहान छेद घेतला आणि बाजूने दाबून, भुईमुगाच्या शेंगेतून दाणा काढावा तशी ती बाहेर काढली. त्याच दिवशी घरी आलो. टाके निघेपर्यंत पट्टा अर्थातच बंद होता. सैल लेंगा घालून दिवस काढले. तिथे आता एक रेघ आहे आणि तिच्याभोवती थोडा बधिरपणा आहे. पट्टा घासण्यापुढे हे मला फारच परवडलं. रक्त किंवा पाणी साचणं, जंतुसंसर्ग हे धोके असतातच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर ते आधीच सांगायला हवं.

गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी, झपाट्याने वाढणारी, दुखणारी, टणक, किंवा खाली चिकटल्यासारखी न हलणारी असेल, तर यातला कोणताही पर्याय निवडण्याआधी एमआरआय आणि गरज पडल्यास बायॉप्सी. कपाळावरची गाठ बऱ्याचदा स्नायूच्या खाली असते, मानेत जवळून नसा जातात. तिथे आकार लहान म्हणून घाई नको. लहान मुलाच्या कमरेवर मधोमध, मणक्यावर जन्मापासून गाठ असेल, तर ती आतपर्यंत गेलेली असू शकते. ते प्रकरणच वेगळं, मोठ्या रुग्णालयातच दाखवावं.

आपल्याकडे दुखणं काहीही असो, ‘मिरजेला दाखवून या’ म्हणायची रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासूनचा तो विश्वास. या कामासाठी मात्र तालुक्याच्या गावातला चांगला जनरल सर्जनही पुरतो. त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: आवरणासकट काढणार ना, आणि काढलेली गाठ तपासणीला पाठवणार ना. माझ्या डाव्या दंडावर अशीच एक लहान गाठ आहे. तिथे काही घासत नाही, म्हणून ती काढलेली नाही.