एकक-दशकाचा ठोकळ्यांचा संच: दुसरी-तिसरीसाठी घ्यावा, पण पेटी उघडून

ठाण्यात गोखले रोड किंवा जांभळी नाक्याच्या बाजूला शालेय साहित्याच्या दुकानात ‘एकक-दशकाचे ठोकळे’ मागितले, तर बहुतेक वेळा १२१ नगांची पेटी पुढे येते. कंपनी कोणतीही असो, आतला माल साधारण सारखाच असतो: १ सेंमीचे १०० सुटे एकक, दहा एककांएवढे लांब १० दशकदांडे, शतकाच्या १० चौकोनी पाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा. दुसरी-तिसरीतलं मूल हातच्याच्या वजाबाकीत अडखळत असेल, तर ही खरेदी कामाची आहे. पहिलीसाठी घाई नको. तिथे दहा-दहाच्या दोन रंगांत ओवलेली शंभर मण्यांची माळ आणि रबर लावलेल्या आइस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे पुरतात. किंबहुना काड्या सरस, कारण गठ्ठ्याचं रबर काढलं की दशकाचे दहा एकक डोळ्यांदेखत सुटे होतात. दांडा मोडता येत नाही, तो बदलून घ्यावा लागतो. मुलाला ही अदलाबदल पटायला आधी काड्या हाताळलेल्या असाव्या लागतात.

दुकानात पहिली तपासणी एकच. दहा सुटे ठोकळे ओळीत लावा आणि शेजारी दांडा ठेवा. स्वस्त प्लॅस्टिकच्या संचात ठोकळ्यांच्या कडांना साच्याचे कंगोरे राहतात, आणि मग दहाची ओळ दांड्यापेक्षा लांब भरते. दहा म्हणजे एक दशक हेच जिथे शिकवायचं, तिथे डोळ्यांना उलटं दिसतं. दांड्यावरच्या खाचाही नखाला लागतील इतक्या खोल हव्यात, म्हणजे शंका आली की मूल मोजून बघतं. एकक हिरवा, दशक निळा, शतक लाल असे रंगीबेरंगी संच दिसायला छान, पण मूल आकाराऐवजी रंगावरून किंमत ठरवायला लागतं. एकरंगी मिळाला तर तोच घ्या. फोमचे ठोकळे आवाज करत नाहीत, पण पंख्याखाली टिकत नाहीत. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहा. घरात रांगतं भावंड असेल तर सुटे ठोकळे उंचावरच ठेवावे लागतील, घशात अडकण्याच्याच मापाचे आहेत ते.

या संचाची खरी खोट मोजदादीत आहे. दोन संख्यांच्या उभ्या मांडणीच्या गणितात सुटे ठोकळे कधीही अठराच्या वर लागत नाहीत, मग शंभर कशाला? उलट दांडे दहाच. २८६ + १५७ करून पाहा: एककात ६ आणि ७ मिळून १३, त्यातले दहा देऊन एक दांडा आला, दशकात ८, ५ आणि हा एक, झाले १४. चार दांडे कमी पडतात आणि नेमकं हातच्याच्या क्षणी गणित थांबतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या १० सेंमी लांब, १ सेंमी रुंद अशा दहा पट्ट्या कापून, प्रत्येक सेंमीवर रेघ मारून पेटीत टाका. तीन अंकी दोन संख्यांच्या कोणत्याही बेरजेला वीस दशक पुरतात.

आता वजाबाकी, कारण पैसे वसूल होतात ते इथेच. ५३ – २८ हे उदाहरण घेतलं की बरीच मुलं ३५ लिहितात. कारण ठरलेलं: तीनातून आठ जात नाहीत, म्हणून ती आठातून तीन काढतात. ठोकळ्यांवर ही पळवाट राहत नाही. पाच दांडे, तीन सुटे मांडायचे. आठ सुटे उचल म्हटलं की मूल थबकतं. एक दांडा पेटीत, बदल्यात दहा सुटे बाहेर: आता चार दांडे, तेरा सुटे. आठ उचलले, पाच उरले; दोन दांडे उचलले, दोन उरले. पंचवीस.

घरी इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, मोठी माणसं २८ सुद्धा ठोकळ्यांत मांडून ठेवतात. वजाबाकीत फक्त वरची संख्या मांडायची, खालची त्यातूनच उचलायची. नाहीतर मूल शेवटी सगळेच ठोकळे मोजतं. दुसरी चूक जास्त महागात पडते: आधी सगळं ठोकळ्यांवर करून घ्यायचं आणि मग सगळं वहीत. असं केलं की वहीतल्या खाडाखोडीचा ठोकळ्यांशी काही संबंध मुलाच्या लक्षात येत नाही. दांडा पेटीत गेला त्याच वेळी वहीत ५ खोडून ४ लिहायचं, दहा सुटे आले की ३ च्या जागी १३. एक हालचाल, एक नोंद.

हे जमलं की मधल्या शून्याचं गणित द्या, ३०४ – ६७. दशकाचा दांडाच नाही, म्हणजे आधी पाटी देऊन दहा दांडे आणि त्यातला एक देऊन दहा सुटे. उरलं २ शतक, ९ दशक, १४ एकक. वहीतला तो ९ कुठून येतो, हे हात फिरल्याशिवाय मुलांना कळत नाही. उत्तर २३७.

मराठीतून संख्या म्हणणाऱ्या घरांना आणखी एक उपयोग. पंचवीस ऐकून ५२ लिहिणं आणि एकोणतीस ऐकून ३९ लिहिणं या नेहमीच्या चुका, कारण आपण एकक आधी बोलतो आणि ‘एकोण’मध्ये पुढच्या दशकाचं नाव घेतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २१ साठी ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला! घरी वादात पडायची गरज नाही. संख्या ऐकली की आधी डावीकडे दांडे, मग उजवीकडे सुटे, मगच अंक. एकोणतीसला तीन दांडे काढून त्यातला एक एकक कमी करायला सांगा, म्हणजे एक दांडा सुट्यांत बदलावाच लागतो.

रोज पंधरा मिनिटं, दोन-तीन उदाहरणं एवढंच पुरे; संध्याकाळी लोकलने दमून आलेल्या पालकांनाही तेवढं झेपतं. मूल ठोकळे न हलवता उत्तर सांगू लागलं की पेटी बंद करून वहीत उभी रेघ म्हणजे दशक आणि टिंब म्हणजे एकक असं काढू द्या, आणि नंतर नुसते अंक. पेटी महिनोन्‌महिने उघडीच राहिली, तर मूल प्रत्येक बेरीज एकेक ठोकळा मोजून करायला लागतं.

चौथीत ती पुन्हा काढा. १२ × १३ ची आयताकार मांडणी केली की एक पाटी, पाच दांडे, सहा सुटे, म्हणजे १५६ समोर दिसतात. हजाराचा ठोकळाही, जो तोवर निव्वळ शोभेला होता, मापनाच्या धड्याला कामी येतो: १० सेंमी लांब, तेवढाच रुंद आणि उंच, म्हणजे बरोबर एक लिटर जागा.