कुडाळजवळचा शेळ्या-मेंढ्यांचा दवाखाना : लेंडी तपासून मगच औषध, ४ स्टार

कोकणात मेंढ्या सांभाळायच्या म्हणजे जंतांशी गाठ ठरलेलीच. पावसाळाभर ओलं गवत आणि उबदार हवा, त्यामुळे लेंडीतल्या अंड्यातनं आठवडाभरात अळी तयार होऊन पात्यावर चढून बसते. त्यातला हिमॉन्कस नावाचा जंत सगळ्यात वाईट, चौथ्या पोटात राहून रक्त पितो, एकेक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकते, कोकरं पांढरी पडतात, जबड्याखाली पाणी उतरतं आणि मग धावपळ.

इथले डॉक्टर सरसकट सगळ्या कळपाला पाजा असं सांगत नाहीत, मला तेच सगळ्यात पटलं. ताजी लेंडी मायक्रोस्कोपखाली बघून अंडी मोजतात, मग पापणी उलटून आतला रंग ‘फॅमाचा’ (FAMACHA) नावाच्या कार्डावरच्या ५ रंगांशी जुळवतात, म्हणजे रक्त किती कमी झालंय ते कळतं. लालबुंद असेल तर औषध नाही, फिकी पडलेलीलाच डोस, तोही वजन करून. दुकानात अंदाजाने बाटली हातात देतात, डोस कमी पडला की जे जंत वाचतात त्यांचीच पैदास वाढते आणि पुढे ते औषधच चालत नाही.

आमच्या एका मेंढीच्या लेंडीत जंतांची अंडी अगदी कमी निघाली, चरायला सगळ्यांबरोबर त्याच सड्यावर असते तरी. डॉक्टर म्हणाले, "दादा, ही विकू नका, हिचीच पिल्लं ठेवा." अशा मेंढीच्या पोटाच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी आणि आयजीए (IgA) अँटीबॉडी अळ्यांवर तुटून पडतात, जंतांची वाढ खुंटते, अंडी कमी पडतात, आणि हा गुण काही प्रमाणात पिल्लांत उतरतो. सुंदरबनची गरोळ मेंढी यासाठीही नावाजलेली, फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनीशी तिचा संकर करून हे तपासलंय. कोकरांची जंतांशी लढायची ताकद मात्र पहिले काही महिने कच्चीच असते आणि मेंढी व्यायच्या सुमारास तिचीही कमी होते, नेमकी तेव्हाच तिच्या लेंडीतनं जंतांची जास्त अंडी पडतात, म्हणून त्या दिवसांत पेंड वाढवा असं त्यांनी बजावलं. एवढं समजावून सांगणारा माणूस मला तरी आधी भेटला नव्हता.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट संध्याकाळशिवाय मिळत नाही, रविवारी बंद, आणि बाजाराच्या दिवशी फोन उचलतच नाहीत, लांबनं येणाऱ्याची फेरी फुकट जाते. लेंडी थेट जनावराची घ्या, जमिनीवरची उचललेली परत पाठवतात. पाऊस लागायच्या आत एकदा जाऊन या, जुलैत तिथं उभं राहायला जागा नसते.