जेवण उत्तम, पायरी धोक्याची : एका मंगल कार्यालयाचा अनुभव

धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याच्या उपनगरातील एक मंगल कार्यालय दोन दिवसांसाठी घेतले होते. भरपाईची बोलणी अजून चालू असल्यामुळे कार्यालयाचे नाव येथे देत नाही.

चांगले ते आधी सांगतो. मसालेभात, अळूची भाजी आणि मठ्ठा यांची आठवण पाहुणे अजून काढतात. वधूपक्षाच्या खोल्यांत पहाटे पाच वाजता गरम पाणी होते, आणि गुरुजींना पाट, चौरंग, समया यांपैकी काहीही दोनदा मागावे लागले नाही. भाडे आणि जेवण मिळून साडेचार लाख रुपये झाले, ते या सोयींच्या मानाने रास्तच होते.

भोजनगृहातून हात धुण्याच्या जागेकडे जाताना मध्ये चारेक इंचांची एकच पायरी आहे. वरची आणि खालची फरशी एकाच करड्या रंगाच्या गुळगुळीत ग्रॅनाइटची असून कडेला ना पट्टी आहे ना कठडा, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तेथे पायरी आहे हेच कळत नाही. दुसरी पंगत उठेपर्यंत बेसिनांभोवती पाण्याचे थारोळे साचले होते आणि पुसायला कोणीही नव्हते. अडुसष्ट वर्षांच्या आमच्या आत्या तेथे घसरल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. व्यवस्थापक धावत आले, खुर्ची दिली, बर्फ आणला. हे मान्य करायलाच हवे. मात्र पाठोपाठ ते म्हणाले, "काकू, जरा बघून चालायचं ना," आणि त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : "कार्यालयाच्या आवारात दुखापत झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली अकरावी अटही हीच होती.

या पाटीला कायद्यात किती किंमत आहे, हे वकील असलेल्या मावसभावाकडून समजून घेतले. इंग्लंडमध्ये जागा ताब्यात असणाऱ्याच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा १९५७ पासून आहे. आपल्याकडे तसा एक कायदा नाही, तरी जागेवर ज्याचे नियंत्रण आहे त्याने येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व आपली न्यायालयेही मानतात. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ मध्ये एका पाहुण्याची गाडी चोरीला गेली, तेव्हा पार्किंगच्या चिठ्ठीवर ती मालकाच्या जबाबदारीवर असल्याचे छापलेले होते. तरीही आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा मजकुरामागे लपून टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. ते प्रकरण ताब्यात दिलेल्या गाडीचे होते, मनगटाचे नव्हे, हा फरक मावसभावाने बजावून सांगितला. पण केवळ पाटी टांगल्याने हात झटकता येत नाहीत, एवढे तर त्यातून निघतेच.

व्यवस्थापकांचा दुसरा मुद्दा असा होता की, करार तुमच्याशी झाला, आत्यांशी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाऱ्यालाही ग्राहकच मानतो. लग्नाचा पाहुणा हा आणखी कोण असतो? मोबदला पन्नास लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पाणी वाढप्यांनी सांडले, हेही कारण येथे चालण्यासारखे नव्हते, कारण वाढपी कार्यालयाचेच होते. अर्थात आत्या धावत सुटल्या असत्या किंवा ओल्या फरशीची सूचना देणारा पिवळा फलक ओलांडून गेल्या असत्या, तर दोषाचा वाटा त्यांच्याकडेही आला असता आणि भरपाई तेवढी घटली असती. तेथे असा फलकच नव्हता.

तपासून पाहावी अशी आणखी एक गोष्ट भोजनगृहाच्या मागच्या दाराची. त्या दिवशी दाराला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि मांडवाच्या कापडाची गाठोडी होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जण दगावले, तेथे जादा खुर्च्या बसवण्यासाठी बाल्कनीतली एक वाट बंद केलेली होती. त्या प्रकरणातील भरपाईचा ८५ टक्के बोजा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये चित्रपटगृहाच्या चालकांवर टाकला आणि उरलेला वीज मंडळावर. लग्नाच्या घाईत हे दार कोणी पाहत नाही. आम्हीही आत्या पडल्यावरच पाहिले.

आम्ही त्याच दुपारी पायरीचे आणि पाण्याचे फोटो काढले, दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी केली आणि रुग्णालयाच्या बिलांसह नोंदणीकृत पत्र पाठवले. तीन आठवड्यांनी अनामत रक्कम पूर्ण परत आली आणि उपचाराचा निम्मा खर्चही मिळाला. उरलेल्या निम्म्यासाठी मालकांनी वेळ मागितली आहे. परवा तेथे गेलो, तेव्हा पायरीच्या कडेला पिवळी खरखरीत पट्टी आणि बेसिनांपुढे रबरी चटई आलेली दिसली. दारापुढच्या खुर्च्या मात्र होत्या तिथेच आहेत.

वैशाखात भाच्याची मुंज आहे, आणि मसालेभातासाठी घरातील बहुमत अजूनही याच कार्यालयाच्या बाजूने आहे. पावतीवरची अकरावी अट पेनाने खोडून खाली सही करून द्या, मग आगाऊ रक्कम भरतो, असे मी मालकांना कळवले आहे. भागीदारांना विचारून सांगतो, असे ते म्हणाले.